मागच्या बाकाचं मत

‘‘कळलं का सगळ्यांना? हात वर करा बघू!’’ वर्गात हा प्रश्न आला की आधी पुढच्या बाकांवरचे हात वर जातात, त्यांच्याकडे बघून मधल्या रांगेतले आणि शेवटी एकट्यानं खाली कशाला राहायचं म्हणून मागचेही. शिक्षक पुढच्या धड्याकडे वळतात.

या वर जाणाऱ्या हातांमध्ये केवढी मोठी शक्ती काम करते, ते 1950 च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत दाखवलं. प्रश्न अगदी साधा होता: समोरच्या तीन रेषांपैकी कोणती रेषा दिलेल्या रेषेएवढी आहे? खोलीतले बाकीचे सगळे ॲशला सामील होते आणि ठरवून, एकसुरात चुकीचं उत्तर देत. खरा विद्यार्थी एकच, आणि त्याला उत्तर बरोबर दिसत असे. तरीही अशा विद्यार्थ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी त्या चुकीला मान डोलावली. आणि उत्तर मोठ्यानं सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं, तेव्हा हे प्रमाण खूपच घटलं!

गूगल फॉर्मसारख्या ऑनलाइन प्रश्नावलीची खरी जादू मला इथे दिसते. गूगल फॉर्मची सोय 2008 पासून आहे, पण आपल्या शाळांमध्ये ती मुख्यतः चाचणी घ्यायला आणि गुण मोजायला वापरली जाते. फॉर्म करतो काय? प्रत्येकाचं उत्तर वेगळं, दुसऱ्याला न दाखवता घेतो आणि तक्त्यातल्या एका ओळीत नोंदवतो. कधीच न बोलणाऱ्या मुलीचीही एक ओळ आणि वर्गप्रमुखाचीही एकच.

अशी स्वतंत्र उत्तरं एकत्र आली की काय घडतं, याची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. 1906 साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं, कापून साफ केल्यावर, वजन किती भरेल ते ओळखायची स्पर्धा होती. सहा पेन्सचं तिकीट घ्यायचं, त्यावर अंदाज लिहायचा. फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञानं नंतर ती तिकिटं मिळवली. वाचता येण्याजोगी 787 निघाली. त्यानं सगळे अंदाज चढत्या क्रमानं मांडून बरोबर मधला काढला: 1207 पौंड. खरं वजन होतं 1198 पौंड. शेकडो माणसांच्या अंदाजांतून निघालेली चूक एक टक्क्याहूनही कमी!

हा ‘मधला’ म्हणजे आपल्या नववीच्या पुस्तकातला मध्यक. मग तो बैलाऐवजी दप्तरावर का काढू नये? पुस्तकांनी भरलेलं एक दप्तर सगळ्यांना उचलून बघू द्या. फॉर्ममध्ये एकच प्रश्न: याचं वजन किती ग्रॅम? उत्तरात फक्त आकडा चालेल अशी अट घाला, आणि इतरांची उत्तरं मुलांना दिसणार नाहीत एवढं बघा. काहींचा अंदाज कमी पडेल, काहींचा जास्त, आणि खरं वजन बहुधा त्या दोघांच्या मधे कुठेतरी सापडेल. मुलं एकमेकांचं ऐकून आकडा लिहू लागली, तर मात्र सगळे एकाच बाजूला झुकतात आणि गंमत संपते. मध्यक काढा, मग दप्तर काट्यावर ठेवा.

उघड सांगायला अवघड गोष्टी विचारण्याची, याहूनही थक्क करणारी युक्ती 1965 साली स्टॅन्ली वॉर्नर या संशोधकानं मांडली. तिचं एक सोपं रूप असं. ‘तू कधी कॉपी केली आहेस का?’ असं विचारायचं, पण उत्तराआधी प्रत्येकानं गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ लिहायचं. काटा पडला तर खरं लिहायचं. आता कुणाच्याही ‘हो’वरून कुणालाच धरता येत नाही. पण समजा, साठ मुलांत 42 ‘हो’ आले. त्यांतले साधारण तीस नाण्याचे. उरलेले बारा, काटा पडलेल्या तिसांपैकी, म्हणजे सुमारे चाळीस टक्के. आकडा ढोबळ आहे, मुलं जितकी जास्त तितका तो पक्का. पण प्रत्येकाचं गुपित शाबूत राहून वर्गाचं सत्य बाहेर येतं, हे गणित मला आजही अचंबित करतं.

प्रत्येक मुलाकडे फोन हवाच असंही नाही. ‘एकालाच एक उत्तर’ ही अट काढली, की शिक्षकांचा एकच फोन बाकाबाकांवरून फिरू शकतो. नाव आणि ईमेल मात्र मागू नका. नाव विचारलं की मुलं पुन्हा पुढच्या बाकाकडे बघून लिहितील. शिवाय अठरा वर्षांखालच्या मुलांची वैयक्तिक माहिती डिजिटल रूपात घ्यायची, तर पालकांची संमती घेण्याची तरतूद भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे.

शिक्षकहो, येत्या आठवड्यात एका धड्यानंतर हात वर करायला सांगू नका. बिननावाच्या फॉर्मवर एवढंच विचारा: ‘आज काय कळलं नाही?’ आणि आलेली प्रत्येक ओळ वाचा.