विश्लेषण : सैन्यभरतीत आधी धावणे की आधी पेपर?

पोंभुर्ण्यासह चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात भरतीची तयारी करणारी मुले बहुधा पोलीस आणि अग्निवीर, दोन्हींसाठी एकदमच धावत असतात. अंतर दोन्हीकडे सारखेच, १६०० मीटर. क्रम मात्र उलटा. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत आधी मैदानी चाचणी, मग लेखी. सैन्यात २०२३ पासून आधी संगणकावर सामाईक प्रवेश परीक्षा होते आणि तिच्या यादीत नाव आले तरच भरती मेळाव्याचे बोलावणे येते. गावात सर्वांत वेगाने धावणारा मुलगा पेपरात मागे पडला, तर मैदान त्याला दिसतच नाही.

पेपर कसा असतो?

‘जनरल ड्यूटी’साठी एका तासात ५० प्रश्न, १०० गुण. उत्तर चुकले की अर्धा गुण वजा, त्यामुळे अंदाजपंचे खुणा करणे महागात पडते. आता मराठीतूनही परीक्षा देता येते. पुढे मैदानात १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावल्यास ६० गुण, १० पुलअप्सना ४०. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे नागपूरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे येतात.

निवड झाल्यावर?

सेवा चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. उरलेल्यांना व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. पोलीस शिपायाची नोकरी वयाच्या ५८व्या वर्षापर्यंत चालते. घरात खरी चर्चा होते ती याच फरकावर.