आधी पाण्याची वाट, मग टाइल्स

जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर आणि बाथरूम नवं करायचं ठरलं की बोलणी बहुधा टाइल्सच्या दुकानातच सुरू होतात. रंग कोणता घ्यायचा, नळ काळे बसवायचे की चकचकीत, ट्रॉल्यांची दारं कशी असावीत, यावर चर्चा रंगते. हात सैल असेल तर या क्रमाने फारसं बिघडत नाही. पैसे मोजके असतील तर मात्र तो महागात पडतो. या दोन खोल्यांत रोज पाणी वाहतं आणि त्या जुन्या होतात त्या मुख्यतः पाण्यामुळेच. म्हणून पाणी जिथून येतं, जिथे साचतं आणि जिथून जातं, तिथे पैशाचा पहिला वाटा जायला हवा. डोळ्यांना दिसणारं सगळं उरलेल्या पैशात बसवावं, असं माझं ठाम मत आहे.

पाच बाय सात फुटांचं बाथरूम घ्या. जमीन भरते 35 चौरस फूट. चारही भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल्स लावल्या तर दार वगळून साधारण 150 चौरस फूट होतात. म्हणजे टाइल्सच्या बिलातला मोठा भाग भिंतींचा. खालच्या मजल्यावर उतरणारं पाणी मात्र बहुतेक वेळा जमिनीतून जातं: नहाणी ट्रॅपभोवतीच्या फटीतून, कमोडच्या बुडाशी, जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यातून. वॉटरप्रूफिंग लागतं ते जमिनीला आणि भोवतीच्या फूटभर भिंतीला, म्हणजे साठेक चौरस फुटांना; जिथे शॉवरचं पाणी उडतं तिथे थोडं वरपर्यंत. भिंतीवरच्या टाइल्स ठोकून पोकळ वाजत नसतील तर त्यांना हात लावू नका. जमीन फोडताना खालची एक ओळ काढावी लागेल. तिथे गडद रंगाचा पट्टा दिला की जोड खटकत नाही. जमिनीला मीटरमागे सेंटिमीटरभर उतार ट्रॅपकडे मिळाला, की पाणी साचत नाही. भिंतीतले पाइप जुन्या जीआयचे असतील तर तेही याच वेळी बदलावेत. ते आतून गंजतात, आणि त्यांच्यावर नव्या टाइल्स लावल्या तर उद्या त्याच फोडाव्या लागतात.

सगळीकडे फोडाफोडीच करावी लागते असंही नाही. आपल्याकडे बाथरूम ॲसिडने घासायची सवय आहे. ॲसिड डाग काढतं, तसं टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही खातं आणि पाण्याला वाट मिळते. फक्त सांधेच उघडे पडले असतील तर ते खरवडून इपॉक्सी ग्राउट भरावं आणि काही दिवस लक्ष ठेवावं. पुष्कळदा एवढ्यावर काम भागतं. दुर्लक्ष केलं तर खर्च आपल्या घरापुरता राहत नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. फ्लॅटच्या आतून होणारी गळती सभासदाच्या खिशातून.

स्वयंपाकघरात जुनं टिकवण्यात आणखी फायदा आहे. आपल्याकडच्या जुन्या ओट्यांखाली कडप्प्याचे उभे कप्पे असतात आणि मॉड्युलर किचनवाला पहिल्यांदा तेच काढायला सांगतो. कडप्पा पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. त्याच्या जागी येणाऱ्या पार्टिकल बोर्डाच्या पेटीत सिंकचं पाणी शिरलं की बोर्ड फुगतो, पुन्हा पूर्ववत होत नाही आणि बिजागऱ्यांचे स्क्रू सुटतात. त्यापेक्षा त्याच कप्प्यांची मापं घेऊन स्टीलच्या ट्रॉल्या आणि नवी दारं बसवून घ्यावीत. प्लायवुड वापरायचंच तर त्यावर आयएस 710 हा छाप असल्याची खात्री करावी. ओट्याच्या वरच्या कडप्प्याबद्दल मात्र तक्रार खरी आहे. तो चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम सांडलं की डाग उमटतात. ग्रॅनाइटला तो त्रास नाही. खालचं बांधकाम मजबूत असेल तर फक्त वरचा दगड बदलता येतो. ओटा ठेंगणा असेल तर जुन्यावरच ग्रॅनाइट बसवावा; उंची थोडी वाढते आणि उभ्याने काम करणाऱ्याची पाठ कमी वाकते.

कोणी म्हणेल, फोडाफोड कशाला, जुन्या फरशीवर नवी चिकटवू. कोरड्या जागी, खालचा थर घट्ट असेल तर हे चालतं. बाथरूममध्ये मात्र खालची गळती तशीच राहते, जमीन उंबऱ्याच्या पातळीला येते आणि पाणी खोलीत यायला लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळं एकदम केलं तर मजुरी आणि राडारोडा उचलण्याचा खर्च वाचतो. बरोबर आहे, पण तो भिंतीत आणि जमिनीखाली जाणाऱ्या कामांपुरता. तेवढं एकदाच करा. नळ, आरसा, दारं, कपाटं पुढच्या वर्षी आली तरी काही फोडावं लागत नाही. आणि घर सुंदर दिसायला नको का, असं विचारणाऱ्यांना मी नाही म्हणणार नाही. रोज तासन्‌तास ओट्यापाशी उभं राहणाऱ्याला प्रसन्न वाटलंच पाहिजे. त्यासाठी सर्वांत स्वस्त साधन उजेड. वरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी लावली की भाजी चिरताना हातावर आपलीच सावली पडत नाही. खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवला तर वाफ आणि तेलकट धूर बाहेर जातो आणि भिंतींचा रंगही टिकतो.

विजेवर काटकसर करू नका. 3 किलोवॉटचा गीझर जवळपास 13 अँपिअर ओढतो. त्याला 16 अँपिअरची स्वतंत्र लाइन हवी आणि घराच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, ट्रॅपचं तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरा, निदान 24 तास ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत पाहा. ते कोरडं दिसेपर्यंत कंत्राटदाराला पुढचा हप्ता देऊ नका.