वेबसाइटची दुसरी प्रत कुठे ठेवाल?

आता काही बचत गटांची, प्रभाग संघांची स्वतःची वेबसाइट आहे. मसाल्यांचे फोटो, भाव, गिऱ्हाइकांचे पत्ते, आलेल्या ऑर्डरी, सगळं तिच्यात. आपलं दुकान म्हटलं की त्याची राखणही आपलीच.

ही वेबसाइट असते कुठे? कुठल्या तरी शहरात एका इमारतीत रात्रंदिवस संगणक चालू असतात, त्यातली थोडी जागा आपण वर्षाच्या भाड्याने घेतो. त्या इमारतीलाही आग लागू शकते. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएचक्लाउड कंपनीच्या अशा केंद्रात आग लागली. एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली, लाखो वेबसाइट बंद पडल्या. ज्यांची दुसरी प्रत लांब होती त्यांनी नव्या जागेवर वेबसाइट उभी केली. काहींचा बॅकअप मात्र त्याच केंद्रात होता, तोही जळाला. म्हणून आम्ही गटांना सांगतो, होस्टिंगवाले बॅकअप घेतात एवढ्यावर निर्धास्त राहू नका. आपली एक प्रत आपल्या हातात हवी.

घ्यायचं काय, इथे गफलत होते. वर्डप्रेसच्या वेबसाइटचे दोन भाग असतात. फोटो, रंगरूप आणि प्लगइन फाइलींमध्ये असतात. मजकूर, भाव, ऑर्डरी डेटाबेसमध्ये. नुसतं फोटोंचं फोल्डर उतरवून घेतलं तर रिकामे डबे मिळतील, आतलं धान्य नाही. अपड्राफ्टप्लस नावाचं प्लगइन दोन्ही भाग घेतं आणि गूगल ड्राइव्हवर पाठवतं. पण कुठे पाठवायचं ते आपण निवडलं नाही, तर प्रत त्याच सर्व्हरवर पडून राहते, म्हणजे पुन्हा त्याच इमारतीत!

किती दिवसांनी घ्यायचा? दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी धडाधड येतात तेव्हा रोज, एरवी आठवड्याला. नवी प्रत आली म्हणून जुनी लगेच पुसू नका. वेबसाइटमध्ये कुणी घुसखोरी केली आणि ती दहा दिवसांनी लक्षात आली, तर कालची प्रतही बिघडलेलीच असणार. महिन्यातून एकदा हार्ड डिस्कवरही घ्या. तिच्यात गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन नंबर असतात, तेव्हा ती कपाटात कुलपाखालीच ठेवा.

आणि प्रत उघडते का ते पाहा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या कंपनीत चुकून डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप होतच नव्हता. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिने तारलं. आपण चाचणी घेताना चालू वेबसाइटला हात लावायचा नाही. संगणक शिकणारी गटातली एखादी लेक, सून असेल, तिच्या लॅपटॉपवर प्रत चढवून बघायची.

मासिक बैठकीच्या इतिवृत्तात हजेरी आणि वसुलीच्या खाली एक ओळ वाढवा: बॅकअप कोणत्या तारखेचा, कुठे ठेवला, कोणी उघडून पाहिला.