मूत्रपिंडात साचणारे कॅल्शियम : मुलांमधील कारणे व निदान

पाय धनुष्यासारखे वाकलेले, मनगटे जाड झालेली आणि उंची वयाच्या मानाने खुंटलेली, असे मूल दिसले की त्यास मुडदूस झाला असे घरची माणसे म्हणतात. आणि ते बहुधा खरेही असते. ड जीवनसत्त्वाची उणीव हे मुडदुसाचे आपल्याकडील नेहमीचे कारण होय. परंतु काही मुलांत या रोगाचे मूळ आहारात नसून मूत्रपिंडात असते. अशा मुलास तपासणीवाचून ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने पुनःपुन्हा दिली गेली, तर हाडे सुधारत नाहीत. उलट मूत्रपिंडाच्या गाभ्यात कॅल्शियमचे क्षार साचत जातात. या अवस्थेस वैद्यकात नेफ्रोकॅल्सिनोसिस असे नाव आहे.

मूतखडा याहून निराळा. खडा मूत्रमार्गाच्या पोकळीत बनतो व तो अडकला म्हणजे असह्य कळा येतात. येथे मात्र क्षार मूत्रपिंडाच्या मांसल भागातच मुरतात. ते सहसा दुखत नाही, म्हणूनच वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

याची कारणे अनेक असली, तरी आपल्या देशात प्रामुख्याने आढळणारे कारण म्हणजे मूत्रनलिकांचा एक आम्लविकार होय. अन्नाच्या पचनातून शरीरात रोज काही आम्ल निर्माण होते व मूत्रनलिकांचा शेवटचा भाग ते मूत्रावाटे बाहेर टाकतो. हे काम बिघडले की आम्ल रक्तात साठते. त्याचा उतारा म्हणून शरीर हाडांतील क्षार काढून देऊ लागते आणि हे कॅल्शियम मूत्रात उतरते. मूत्रातील सायट्रेट हा घटक कॅल्शियमला विरघळलेले ठेवतो. या विकारात तोही घटलेला असतो. परिणामी हाडे पोकळ होतात आणि मूत्रपिंड चुनखडीने भरते. लंडनचे बालरोगतज्ज्ञ रेजिनाल्ड लाइटवुड यांनी १९३५ मध्ये तान्ह्या मुलांतील अशा साठ्यांचे वर्णन केले होते. हा विकार बहुधा आनुवंशिक असतो. त्याच्या बऱ्याच प्रकारांत आईवडील दोघांकडून दोष आला तरच तो प्रकट होतो. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल असलेल्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. काही मुलांना त्यासोबत बहिरेपणही येते.

दुसरे कारण माणसाच्या हातचे आहे. तान्ह्या मुलास ड जीवनसत्त्वाची रोजची गरज ४०० एककांची असते. बाजारात मिळणाऱ्या एका मोठ्या इंजेक्शनात ६ लाख एकके असतात. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळाचा साठा एका टोचणीत! वैद्यकीय निर्णयाने योग्य त्या रुग्णास मोठी मात्रा देता येते. मात्र दात उशिरा आले, मूल उशिरा चालू लागले, एवढ्यावरून ती पुनःपुन्हा घेणे धोक्याचे आहे. याखेरीज अपुऱ्या दिवसांच्या बालकांना दिलेली काही मूत्रल औषधे, तसेच ऑक्झलेट अतोनात निर्माण करणारा एक जन्मजात दोष, हीही कारणे आहेत. हा दोष विरळा असला तरी मूत्रपिंड लवकर निकामी करतो.

निदानाची सुरुवात घरी व शाळेत होते. मूल सतत पाणी मागते, रात्री वारंवार लघवीला उठते, वाढत नाही, त्यास ओकाऱ्या वा बद्धकोष्ठ होतो, किंवा हातपाय एकाएकी लुळे पडतात, अशा खुणा पालकांनी व शिक्षकांनी नोंदवाव्यात. मुडदुसावर योग्य उपचार झाल्यास साधारण तीन ते चार आठवड्यांत हाडे भरू लागल्याची रेघ क्ष-किरण चित्रात दिसते. ती दिसली नाही तर दुसरे इंजेक्शन देण्यापूर्वी तपासणी व्हावी, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय.

सोनोग्राफीत मूत्रपिंडाचा गाभा पांढरा, चकाकता दिसतो. साठे आहेत एवढे त्यावरून कळते. कारण कळत नाही. त्यासाठी रक्तातील कॅल्शियम, फॉस्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट, क्रिएटिनिन व ड जीवनसत्त्व पाहावे लागते. दोन वर्षांवरील मुलाच्या मूत्रात कॅल्शियमचे क्रिएटिनिनशी प्रमाण ०.२ पेक्षा अधिक, किंवा चोवीस तासांच्या मूत्रात दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आढळल्यास ते जास्त समजतात. रक्त आम्लधर्मी असूनही ताज्या मूत्राचा सामू ५.५ च्या खाली उतरत नसेल, तर आम्लविकाराचा संशय बळावतो. मूत्र ताजेच हवे. ठेवलेल्या मूत्राचा सामू बदलतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. त्यातील पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणी करतात. मुडदूस त्या तपासणीत अंतर्भूत आहे. उंची न वाढणारे मूल शिक्षकांनी पथकाच्या नजरेस आणावे.

आम्लविकारावर सायट्रेट वा बायकार्बोनेटयुक्त औषध नियमित दिल्यास मूल वाढीस लागते. त्याची मात्रा रक्त तपासून ठरते. घरातील खाण्याचा सोडा अंदाजाने देऊ नये. कॅल्शियमच्या भीतीने दूध बंद करणेही चूक होय, कारण या मुलांची हाडे आधीच रिकामी झालेली असतात. साचलेले क्षार मात्र सहसा पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. त्यामुळे अशा मुलाची सोनोग्राफी व रक्ततपासणी ठराविक काळाने करीत राहावी लागते. त्याच्या श्रवणशक्तीची आणि पाठच्या भावंडांच्या मूत्राचीही तपासणी करून घ्यावी.