आईच्या बोटांखालून गेलेला पिक्चर

मी तुमच्यासारखीच बचत गटातली, आपल्या भागातल्या गटांची समन्वयक. आज मात्र कर्ज, हप्ता, व्याज यातलं काही बोलणार नाही. आज सांगणार आहे जुन्या थेटरातलं पिक्चरचं मशीन कसं चालायचं ते. माझे अण्णा तालुक्याच्या गावी ऑपरेटर होते. माझं लहानपण त्या मशीनच्या खोलीच्या पायरीवर गेलं.

तेव्हा पिक्चर फितीवर असायचा. फीत ३५ मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण आपली दोन बोटं. तिच्यावर ओळीने बारकी चित्रं आणि दोन्ही कडांना छिद्रं. आता शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. सुई कापडात असते तेव्हा कापड थांबतं, सुई वर गेली की दात त्याला पुढे सरकवतात. पिक्चरचं मशीनही तसंच. प्रत्येक चित्र भिंगामागे क्षणभर थांबायचं, मग दातेरी चाक छिद्रांत अडकून पुढचं चित्र ओढायचं. ओढताना एक फिरती पाती उजेड अडवायची. म्हणून ती ओढाओढ आपल्याला दिसायची नाही, माणसं चालताना दिसायची. हे सगळं एका सेकंदात २४ वेळा!

सेकंदाला दीड फूट फीत जायची. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं. अडीच तासांच्या पिक्चरला अशी चौदा रिळं लागायची. सगळी फीत उलगडली तर चार किलोमीटरच्या वर भरेल.

उजेड कार्बनच्या दोन कांड्यांचा. वेल्डिंग करताना उडतो तसा लख्ख. कांड्या जळून आखूड व्हायच्या, त्यांच्यातलं अंतर वाढायचं आणि पडदा पिवळा पडायचा. अण्णा काळ्या काचेतून बघत कांड्या जरा जरा पुढे सारायचे. उन्हाळ्यात त्या खोलीत भट्टीसारखं व्हायचं.

आमच्या थेटरात मशीन दोन होती. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा. तो दिसला की अण्णा दुसरं मशीन सुरू करायचे. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की पहिलं बंद, दुसरं पडद्यावर. तेवढ्यात लक्ष गेलं, तर पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या.

आणि सगळ्यात मोठं भय फीत तुटण्याचं. आमच्याकडे पिक्चर यायचा तो दहा गावं फिरून. पेटी एसटीच्या टपावरून यायची. छिद्रं फाटलेली, जुने जोड सुटत आलेले. तसाच लावला तर तुटणारच.

इथे माझी आई येते.

आई दुपारी अण्णांचा डबा घेऊन जायची आणि तिथेच बसायची. फिरकीवर रीळ चढवायचं, एका हाताने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत, मऊ कापडातून, फितीची कड जाऊ द्यायची. तांदूळ निवडताना खडा बोटाला कळतो ना, तसं फाटलेलं छिद्र तिला कळायचं. मग तेवढा तुकडा कापायचा, टोकावरचा मसाला ब्लेडने खरवडायचा, सिमेंट लावायचं, छिद्रावर छिद्र बसवून दाबून धरायचं. जोड एका छिद्राने जरी चुकला तरी पडद्यावर चित्र उडी मारायचं. पुढे पॉलिएस्टरची फीत आली. तिला सिमेंट धरेना, तिथे चिकटपट्टी लावावी लागे. तेही ती शिकली.

एकदा जत्रेच्या दिवशी फारच झिजलेला पिक्चर आला. थेटर गच्च भरलेलं. तीन तास पिक्चर चालला आणि एकदाही तुटला नाही. मालकांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली. रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "आज नशीब चांगलं होतं." आई म्हणाली, "नशीब कसलं? सतरा जोड उसवून नव्याने घातलेत." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः उठून आईच्या ताटात भाकरी वाढली. त्यांना तसं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पगार अण्णांच्या एकट्याच्या नावावर होता. आईचं नाव थेटरच्या कुठल्याच वहीत नव्हतं.

बी.ए.ला असताना मी वाचलं की १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा कोऱ्या फितीला कडेची छिद्रं पाडायचं काम अंधारात बसून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या. वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. आपल्या देशातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या पिक्चरच्या फितीवरून बाईचा हात फिरला होता. मी पुस्तक मिटलं आणि आईला फोन लावला.

२०१० नंतर थोड्याच वर्षांत फीत गेली, संगणकावरचा पिक्चर आला. आमचं थेटर बंद पडलं. मशीन भंगारात किलोवर गेलं. जोड घालायचा छोटा साचा तेवढा आईने मागून घेतला. तो अजून देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहे.

गेल्या वर्षी गटाचा अर्ज भरताना मी तिला विचारलं, "व्यवसाय काय लिहू?" ती म्हणाली, "घरकाम लिही. आणखी काय?" माझं पेन थांबलं. मी लिहिलं, 'घरकाम; फिल्म तपासणी व जोडणी, बारा वर्षं.' तिने वाचायला लावलं. दोनदा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक करा. इतिवृत्ताच्या वहीत एक पान मोकळं सोडा. प्रत्येकीने शेजारी बसलेल्या बाईचं काम विचारून तिथे लिहायचं. पगाराचं, बिनपगाराचं, सगळं. "मी काही करत नाही," असं कुणी म्हणाली, तर आणखी एकदा विचारा.