रेनेसान्स जत्रेतील गिल्ड : प्रवेश आणि सभासदांचा परस्परसंबंध

मे १९६३ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवुड भागात फिलिस आणि रॉन पॅटर्सन या दांपत्याने एक जत्रा भरविली. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या केपीएफके या नभोवाणी केंद्रास निधी मिळवून देणे, हा तिचा तात्कालिक हेतू होता. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातील इंग्लिश बाजार उभा करावयाचा आणि त्यात विक्रेते, नट व प्रेक्षक यांनी एकत्र वावरावयाचे, ही तिची मूळ कल्पना. पुढे अशा जत्रा अमेरिकेत अनेक ठिकाणी रुजल्या व 'रेनेसान्स फेअर' या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांपैकी अनेक जत्रांचा, विशेषतः कॅलिफोर्नियातील जत्रांचा, आधार म्हणजे 'गिल्ड' या नावाचे हौशी संघ होत.

'गिल्ड' या शब्दासाठी मराठीत 'श्रेणी' हा प्रतिशब्द रूढ आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापणांची व्याजी ठेव ठेवल्याची नोंद आढळते. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने कारागिरीसाठी किमान ७ वर्षांची उमेदवारी आवश्यक ठरविली होती. या दोन्ही व्यवस्थांच्या मुळाशी धंदा आणि पत या गोष्टी होत्या. जत्रेतील गिल्डपाशी यांपैकी काहीच नाही. तिच्या सभासदास बहुधा वेतन नसते, कोणत्याही धंद्याचा मक्ता तिच्याकडे नसतो आणि तिच्यातून बाहेर पडल्याने कोणाचे पोट अडत नाही. मग ती टिकते कशाच्या बळावर, हा अभ्यासकापुढील खरा प्रश्न आहे.

प्रवेशाची रीत पाहिली म्हणजे या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग हाती येतो. प्रत्येक गिल्ड समाजाचा एकेक स्तर उभा करते. कोणी राणीचा दरबार उभा करते, कोणी स्कॉटिश कुळ, कोणी सैनिकांची तुकडी, तर कोणी धोबिणींचा घोळका. इच्छुकाने प्रथम आपल्या आवडीचा स्तर निवडावा आणि त्या गिल्डच्या प्रमुखास भेटावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. भेटीसाठी जत्रेचा हंगाम संपल्यानंतरचा काळ सोयीचा, कारण हंगामात प्रमुखास उसंत नसते. प्रवेश बहुधा आधी तात्पुरता असतो. नवागत वर्गणी भरतो, जत्रेपूर्वीच्या शिबिरांत तत्कालीन बोली, शिष्टाचार व इतिहास शिकतो, आणि त्या काळास शोभेलसा पोशाख शिवून तो तपासून घेतो. त्यानंतर त्याला नाव, धंदा व नातीगोती असलेली एक भूमिका मिळते. उमेदवारीचा हा काळ ७ वर्षांचा नसला, तरी त्याचे कार्य तेच आहे. कौशल्य शिकविता शिकविता तो माणसाची निष्ठाही पारखतो.

तथापि प्रवेशापेक्षा संबंध टिकविणे अधिक कठीण आहे. जत्रा वर्षातून काही आठवडेच भरते. शिवाय सभासद एकमेकांना अनेकदा भूमिकेच्या नावानेच ओळखतात. ज्याच्याबरोबर चार हंगाम एका मंडपात जेवण केले, त्याचे खरे नावही पुष्कळांना ठाऊक नसते. हंगाम संपताच असा माणूस महानगराच्या गर्दीत हरवू शकतो. म्हणून दोन्ही नावे, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली सभासदांची यादी ही गिल्डची खरी मालमत्ता ठरते. तिच्या आधारे एकाने चौघांना व त्या चौघांनी पुढच्यांना निरोप द्यावयाचा, ही जुनी पद्धत होय. आता तोच निरोप भ्रमणध्वनीवरून एकाच वेळी सर्वांस जातो. परंतु निरोप म्हणजे भेट नव्हे. एकत्र बसून पोशाख शिवणे, नृत्याचा सराव करणे, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून सहभोजन करणे, आजारी सभासदाच्या घरी जाणे, या गोष्टींनीच संघ जिवंत राहतो.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. जत्रेची जागा गिल्डच्या मालकीची नसते. दक्षिण कॅलिफोर्नियातील जत्रेने आगूरा येथील कुरण १९८० च्या दशकाच्या अखेरीस सोडले. उत्तरेकडील जत्रेस ब्लॅक पॉइंटचे वन १९९८ नंतर मिळाले नाही. मधल्या काळात या जत्रांची मालकी एका व्यावसायिक कंपनीकडे गेली. २०२० मध्ये कोव्हिडच्या साथीमुळे बहुतेक जत्रा भरल्याच नाहीत. अशा प्रत्येक वेळी ज्या गिल्डचे बंध मैदानापुरते होते तिला विखुरण्याचे भय होते. ज्यांचे बंध मैदानाबाहेरही होते त्यांना नव्या जागी पुन्हा मंडप उभारणे शक्य होते. मालकी व्यावसायिक झाल्यामुळे आणखी एक पेच निर्माण झाला. तिकिटे कंपनी विकते आणि राबतात ते बिनपगारी सभासद. हे श्रम आहेत की स्नेह, याचे उत्तर गिल्डच्या आंतरिक जीवनावरच अवलंबून राहते. जेथे परस्परांची विचारपूस आहे तेथे सभासद स्वतःसाठी येतो. जेथे ती नाही तेथे तो कंपनीचा फुकटचा नोकर उरतो.

लंडनच्या जुन्या संघांतही व्यापाराच्या नियमांबरोबर त्रैमासिक वर्गणी, वार्षिक मेजवानी आणि मृत बांधवाच्या अंत्ययात्रेस उपस्थिती ही कर्तव्ये होती. जत्रेतील गिल्डने त्या संस्थेची आर्थिक बाजू वगळून बंधुत्वाची बाजू उचलली आहे. तिच्या पोशाखात व बोलीत अनुकरण असेल. परंतु अकरा महिने एकमेकांची आठवण ठेवण्याची जी रीत तिने जोपासली आहे, ती मात्र अनुकरण नव्हे, तर त्या जुन्या परंपरेचाच एक अस्सल अंश होय.