सल्ला शहाणा, पण ऐकणार कोण?

डॉक्टरांना उपचार सुचवणारा कॉम्प्युटर आला खरा, पण तो वापरात का रुजत नाही? उत्तर कोलकात्याच्या एका जुन्या अनुभवात सापडतं.

साल १९७१. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी कोलकात्याजवळचं बनगाव भरून गेलं होतं. त्यातच कॉलऱ्याची साथ! इस्पितळात खाटा सोळा आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. कोलकात्याच्या जॉन्स हॉपकिन्स केंद्रातले डॉ. दिलीप महालनबीस यांनी मग धाडस केलं. लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा. पाकिटं कोलकात्यात भरायची, बनगावात ड्रममध्ये कालवायची आणि नातेवाइकांनीच रुग्णाला पाजायची.

छावण्यांत आधी शंभरातले तीसपर्यंत रुग्ण दगावत होते. इथे उपचार घेतलेल्या सुमारे ३,७०० जणांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

तरीही अनेक डॉक्टरांना पटेना. मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलरा बरा होतो? हा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात छापून यायला १९७३ उजाडलं. ‘लॅन्सेट’नं या उपचाराची थोरवी मान्य केली, ती १९७८ मध्ये.

कॉम्प्युटरचंही असंच झालं. इंग्लंडमधल्या लीड्स इथे डॉ. डी डोम्बल यांनी पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर कॉम्प्युटरची परीक्षा घेतली. १९७२ मध्ये निष्कर्ष आला, कॉम्प्युटरचं निदान ९१.८ टक्के अचूक, तर सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचं ७९.६ टक्के! अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठानं जंतुसंसर्गावर औषध सुचवणारा ‘मायसिन’ बनवला. पण रोजच्या उपचारांत तो कधीच आला नाही.

असं का व्हावं? एक तर वेळ. ओपीडीत रांग दारापर्यंत गेलेली असताना माहिती टाइप करत कोण बसणार? दुसरं, सतत वाजणाऱ्या सूचना. दहांतल्या नऊ निरुपयोगी निघाल्या, की दहावीकडेही दुर्लक्ष होतं. तिसरं, जबाबदारी. सल्ला चुकला तर जाब डॉक्टरलाच! शिवाय परदेशी रुग्णांच्या माहितीवर तयार झालेला कॉम्प्युटर बंगालमधला किंवा विदर्भातला ताप नीट ओळखेलच असं नाही. आणि मानापमान? तोही असतोच.

बनगावात यातल्या बऱ्याच अडचणी आपोआप सुटल्या होत्या. कृती सोपी होती, सामान हाताशी होतं, आणि ड्रमवर नाव होतं ‘ओरल सलाइन’. सलाइन म्हणजे खरं औषध, हे लोकांना ठाऊक होतं. नव्या गोष्टीला ओळखीचं नाव मिळालं आणि विश्वास बसला. पुढे डोळे, तहान आणि चिमटीत धरलेली कातडी पाहून उपचार ठरवायचे तक्ते आले. कागदावरचे सल्लागारच ते!

आज ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेत लक्षणांवरून संभाव्य आजार सुचवणारी व्यवस्था जोडली आहे. तिची कसोटी याच मुद्द्यांवर लागेल. डॉक्टरांचा वेळ ती वाचवते की खाते? सल्ल्यामागचं कारण सांगते का? परिचारिकेला तिच्या भाषेत समजते का?

रुग्णानंही एवढं करावं. आधीचे आजार, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी आहे हे न लपवता सांगावं. अर्धवट माहितीवर कॉम्प्युटर चुकतो, तसा डॉक्टरही!

डॉ. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये कोलकात्यात निवर्तले. पद्मविभूषण जाहीर झालं, ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. चांगल्या सल्ल्याला मान मिळायला किती उशीर लागावा?